वाटभर बोलणारे नाना

आगीवरून परत आले की रघूनाना आधी तोंड धूत नसत, गाडी धूत. अंगभर काजळी, भुवयांवर राख, ओठ सुकून पांढरे पडलेले, आणि हा माणूस पाईप घेऊन लाल बंबाला अंघोळ घालतोय. चाकं, पायऱ्या, दारं, वरची घंटा. मग ॲम्ब्युलन्स. ती आतून आणि बाहेरून, स्ट्रेचरच्या खालचा पत्रासुद्धा घासून. तोवर त्यांना कुणी चहा विचारायचा नाही आणि काय झालं हे तर मुळीच विचारायचं नाही. शेवटी पाईप उंच खांबावर वाळत घालायचा आणि मग नळाखाली डोकं धरायचं. डोकं पुसता पुसता एकच वाक्य बोलायचं, "आग इझली, इषय इझला." त्यानंतर त्या आगीबद्दल केंद्रात शब्द निघत नसे.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि स्वतःला भलतीच हुशार समजत होते. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं ती. रोह्याला केमिकल कंपन्यांची वस्ती वाढली होती. त्यातल्या चार-पाच कंपन्यांनी मिळून एक छोटं अग्निशमन केंद्र चालवलं होतं. एक बंब, एक ॲम्ब्युलन्स, सहा माणसं आणि एक साहेब. आता ते केंद्र नाही, त्या जागी कुणाचं तरी गोदाम आहे. रघुनाथ म्हात्रे हे तिथले सगळ्यांत जुने फायरमन. साहेब कागदावर साहेब होते, पण माणसं बघायची ती नानांच्या तोंडाकडे.

मी पेणची. बाबा शाळेत मास्तर. मी मानसशास्त्र घेऊन एम. ए. केलं तेव्हा शेजारच्या काकू आईला म्हणाल्या होत्या, "पोरगी हुशार होती हो, हे वेड्यांचं काय घेऊन बसली." त्या काकूंची जिरवायची म्हणून असेल, पण मुंबईच्या कॉलेजातल्या माझ्या मॅडमनी संशोधनाला मदतनीस म्हणून विचारलं तेव्हा मी एका पायावर तयार झाले. मॅडमचा विषय मोठा होता. जी माणसं रोज आगीत, अपघातात, मरणात हात घालतात, त्यांच्या मनाचं काय होतं? ती मोडतात का? मोडत नसतील तर कशाच्या आधाराने उभी राहतात? त्यासाठी चाळीस प्रश्नांचा एक फॉर्म होता. प्रत्येक प्रश्नापुढे पाच चौकोन. कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बरेचदा, नेहमी. मी प्रश्न वाचायचा, समोरच्याने उत्तर द्यायचं, मी चौकोनात खूण करायची. माणसाचं मन असं चौकोनात बसतं यावर तेव्हा माझा ठाम विश्वास होता.

मॅडमनी निघताना बजावलं होतं की प्रत्येकाला एकट्याला घेऊन बस. मी मान हलवली आणि रोह्याला जाऊन नेमकं उलट केलं. आज सांगताना लाज वाटते, पण त्याचं कारण अगदी साधं होतं. एकट्याला घेऊन बसायचं म्हणजे आतल्या खोलीत. दार लोटून एक तरुण मुलगी आणि एक फायरमन, अर्धा-अर्धा तास. पेण ते रोहा गाडीत निम्मा डबा ओळखीचा. संध्याकाळच्या आत बातमी मास्तरांच्या घरी पोचली असती, वर चार पदरचे शब्द घालून. म्हणून मी सरळ जेवणाच्या लांब टेबलावर बसले, उजेडात, दार सताड उघडं ठेवून, आणि सहाही जणांना समोर बसवलं. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. उलट नाना म्हणाले, मास्तरांची मुलगी शोभलीस.

पहिला प्रश्न नानांना. रीतच ती, आधी मोठ्यांना.

त्यांनी फॉर्म हातात घेऊन उलटसुलट पाहिला. हा कागद कुठे जाणार, साहेबाकडे जाणार का, असं दोनदा विचारलं. त्या भागात एक गोष्ट फिरत होती. कुठल्याशा कंपनीतला एक जण डॉक्टरला म्हणाला होता की मला झोप लागत नाही. त्याला दुसऱ्या दिवशी गेटवर बसवलं. खरी की खोटी कुणास ठाऊक, पण सहाही जणांना ती पाठ होती. मी छातीठोकपणे सांगितलं, नाव कुणाला कळणार नाही. नाना मिश्यांत हसले आणि म्हणाले, "इचार गो बाय, काय इचारतंस त्या."

झोपमोड होते का? कधीच नाय. कामातली एखादी घटना पुन्हा पुन्हा आठवते का? कधीच नाय. एखादं काम, जे पूर्वी आवडीने करत होता, ते टाळावंसं वाटतं का? या प्रश्नाला ते क्षणभर थांबले, खिडकीतून खांबावरच्या पाईपाकडे बघितलं, आणि म्हणाले, कधीच नाय. मी चाळीस खुणा एकाखाली एक केल्या. मग हनीफ ड्रायव्हर. तो रोह्याच्याच मोहल्ल्यातला, तिशी उलटलेला, उंचापुरा, बोलायला लाजाळू. दोन भाऊ कुवेतला, तेही याला बोलावत होते, पण हा नानांना सोडून जायला तयार नव्हता. प्रश्न ऐकला की तो आधी नानांकडे बघायचा आणि मग सांगायचा, कधीच नाय. बाकीच्या चौघांचंही तेच. तासाभरात माझं काम फत्ते. वर चहा, भजी.

मॅडमनी ते सहा फॉर्म पाहिले आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाल्या, सहाच्या सहा सारखे? मी अभिमानाने सांगितलं की माणसंच तशी आहेत, दगडासारखी. मॅडमना ते पटलं नसावं. त्यांनी मला वर्षभर महिन्यातून दोनदा रोह्याला जायला सांगितलं. फॉर्म नको, नुसतं बस, बघ, लिही. मला वाटलं, चला, सुटले. आणि मी नानांच्या केंद्रात जाऊन बसू लागले.

बसू लागले तशी बरीच गंमत कळली. नाना हमरापूरचे. रोज तिथून पॅसेंजरने यायचे आणि डब्यात दोन माणसांचं जेवण आणायचे, कारण हनीफची बायको बाळंतपणाला गेली होती आणि हा गडी नुसत्या पावावर राहायचा. मी पेणहून पोह्याचे पापड नेले की नाना स्वतः स्टोव्हवर भाजायचे. एकही करपू द्यायचे नाहीत. आगीवर ज्याचा राग त्याला पापड भाजता येत नाय, म्हणायचे. मला त्यांनी घंटेची दोरी ओढू दिली, हेल्मेट घालून दिलं, आणि ते नाकापर्यंत खाली आलं तेव्हा पोट धरून हसले.

त्यांची एक पद्धत होती, ती मला हनीफने सांगितली. उचललेल्या माणसाला ॲम्ब्युलन्समध्ये घातलं की नाना मागे त्याच्याशेजारी बसत आणि दवाखान्यापर्यंत वाटभर त्याच्याशी बोलत. माणूस शुद्धीत असो, नसो. श्वास असो, नसो. चल दादा, घरी जाऊ. हा बघ पूल आला. आता डावीकडं वलतो, जरा हिसका बसंल. घरी कोन कोन हाय रं? एकदा मी धीर करून विचारलं की नाना, माणूस गेलेला आहे हे तुम्हाला कळत असणार, मग कशाला बोलता? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अशुभ बोलले. म्हणाले, "गेला का नाय त्या डाक्टर सांगल. आपला काम आनायचा. आनि आनताना मानूस एकला नाय वाटला पायजे."

हे वाक्य मी वहीत लिहून त्याच्याखाली दोन रेघा मारल्या. मॅडमना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी ते परत वाचायला सांगितलं.

भाद्रपद जवळ आला. आमचा गणपती नेहमी पेणमधूनच यायचा, पण त्या वर्षी बाबा म्हणाले, तुझे ते फायरमन हमरापूरचे ना, तिकडे बघून ये. हमरापुरात घरोघर गणपतीचे कारखाने. पडवीत, अंगणात, खाटेखाली, जिकडे बघावं तिकडे पांढरे गणपती रंगाची वाट बघत बसलेले. मी नानांचं घर विचारलं तर एका बाईने हात दाखवला आणि म्हणाली, आखणीवाल्या नानांचं ना?

आखणी म्हणजे गणपतीचे डोळे काढणं. मूर्ती सगळे घडवतात, रंगही सगळे देतात, पण डोळे काढणारा हात गावात दोघा-चौघांचाच. बुबुळ केसभर इकडेतिकडे झालं तर देव तिरळा दिसतो. नाना असले कलाकार असतील हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

घरी गेले तर नाना पडवीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि पॉलिश पेपरने मूर्तींखालचे पाट घासत होते. ते काम घरातली लहानसहान माणसं करतात. आणि काकू, त्यांची बायको, चष्मा नाकावर घेऊन डोळे काढत होत्या. मला बघून नानांना आनंद झाला, पण ते जरा ओशाळलेही. चहा सांगायला म्हणून आत गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. मी काकूंना हसत म्हटलं, आखणीवाले नाना पाट घासतायत आणि तुम्ही डोळे काढताय, हे उलटं कसं? काकूंनी कुंचला खाली ठेवला.

त्या म्हणाल्या, तीन वर्सं झाली, हातात घेत नायत.

मग त्यांनी सगळं सांगितलं, हळू आवाजात, आतल्या दाराकडे बघत. त्याच आळीतली हिराबाय, तिचा एकुलता मुलगा जना. ठेकेदाराकडून कंपनीत जायचा. एकदा टाकी साफ करायला आत उतरला आणि वायूने गुदमरला. वर्दी नानांच्या केंद्रात आली. नानांनी स्वतः आत उतरून त्याला वर काढलं. लहानपणापासून अंगाखांद्यावर खेळवलेलं पोर ते. त्याला मांडीवर घेऊन वाटभर बोलत नेलं. चल जना, घरी जाऊ, आय वाट बगतंय. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की हा टाकीतच गेला, त्याला तास होऊन गेला.

इथवर नानांच्या आयुष्यात नवीन काही नव्हतं. असे किती त्यांनी आणले असतील. पण कुणीतरी हिराबायला जाऊन सांगितलं की नाना जनाशी वाटभर बोलत होते. झालं. चार दिवस अन्नाला न शिवलेली ती म्हातारी उठून नानांच्या पडवीत आली आणि पायरीवर बसली. म्हणाली, माझा जना तुझ्याशी बोलला. काय बोलला त्या सांग.

नाना काय सांगणार? समोर उपाशी आई. तिचे ओठ फुटलेले. नाना म्हणाले, "जना बोलला, आयेला सांग जेवून घे. माझी वाट बगू नको."

हिराबाय घरी गेली आणि जेवली. गावाला वाटलं, बरं झालं. पण पुढच्या रविवारी ती पुन्हा आली. नाना, माझा जना काय बोलला त्या परत सांग. नानांनी परत सांगितलं. ती घरी जाऊन जेवली. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. तीन वर्षं, एक रविवार चुकला नाही. ताप असला तरी काठी टेकत यायची. नुसतं तेवढंच वाक्य पुरेना तेव्हा विचारायची, आवाज कसा व्हता? डोळे उघडे व्हते? माझा नाव घेतला? आणि नानांना दर वेळी थोडं थोडं नवं सांगावं लागायचं. ज्या माणसाचा विषय आगीबरोबर विझत होता, त्याच्या पायरीवर तो विषय दर रविवारी येऊन बसत होता.

एवढ्यात नाना चहा घेऊन आले. काकूंनी कुंचला उचलला, पण माझ्या चेहऱ्यावरून नानांना कळलंच. ते खाली बसले, पाट मांडीवर घेतला आणि माझ्याकडे न बघता बोलले.

"पहिला डोला काढला का दुसरा काढायच्या आधीच तो मना बगाया लागतो, गो. आनि मी खोटा बोललेला मानूस. हात कापत नाय माझा. बगवत नाय."

माझ्या एम. ए.मध्ये याच्यावर धडा नव्हता. मी म्हटलं, नाना, ते खोटं नाही, तुम्ही तिला जगवलंत. ते म्हणाले, तिला जगवला त्या खराच, पन ती मना इचारतं, मी कोनाला इचारू? मग एकदम ताठ बसले. ह्या कागदावर लिवू नको. गाडीवरून उतरवतील. आनि गाडीवरून उतरवला तं मी दिसभर कुटं बसू? ह्या पायरीवर? मी म्हटलं, नाही लिहिणार. त्यांच्या पायावर हात ठेवून म्हटलं.

आता पुढचं सांगते. सांगायला जीभ रेटत नाही, पण हे सोडून नानांबद्दल लिहिलं तर तेही खोटंच होईल.

मी मॅडमना सांगितलं. वाईट हेतूने नाही, देवाशपथ. मला वाटलं, इतका चांगला माणूस आतल्या आत एकटा कुढतोय, आणि आपण मानसशास्त्र शिकलेल्या दोघी हातावर हात ठेवून बसायचं? मॅडमही कळवळल्या. त्यांनी केंद्राच्या साहेबांना सभ्य, विचारपूर्वक पत्र लिहिलं. नाव घातलं नाही. एवढंच लिहिलं की तुमच्या तुकडीतल्या सर्वांत ज्येष्ठ सदस्याच्या मनावर ताण आहे, त्यांना थोडी विश्रांती द्यावी आणि मोकळेपणी बोलायला योग्य माणूस मिळवून द्यावा. सर्वांत ज्येष्ठ. सहा माणसांच्या केंद्रात! त्यापेक्षा फोटो चिकटवला असता तरी चाललं असतं. आणि ते पत्र टपालाने जाण्याआधी मीच वाचलं होतं. वाचून छान झालंय म्हणाले होते. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तसं झालं. हमरापूरच्या मूर्तीवरून हे सुचावं हेही माझंच नशीब.

साहेब वाईट नव्हते. घाबरट होते. ताण असलेला माणूस गाडीवर ठेवला आणि उद्या काही झालं तर? त्यांनी नानांना वॉचरूमला बसवलं. वॉचरूम म्हणजे दाराशेजारची लहान खोली, एक टेबल, एक टेलिफोन, एक रजिस्टर. वर्दीचा फोन आला की ऐकायचा, लिहायचा आणि घंटा वाजवायची. विश्रांतीची शिफारस अशी पार पडली. बोलायला माणूस मिळवून देण्याचं मात्र राहून गेलं.

मी पुढच्या वेळी गेले तेव्हा घंटा वाजली. पाच जण धावत निघाले, हनीफने गाडी काढली, आणि नाना रिसिव्हर हातात धरून खिडकीत उभे राहिले. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी उभेच. ती तासाभराने परत आली तेव्हा ते पाईप घ्यायला बाहेर पडले, पण तेवढ्यात फोन वाजला आणि त्यांना आत जावं लागलं. गाडी दुसऱ्या कुणीतरी धुतली. स्ट्रेचरखालचा पत्रा राहिला.

मला बघून ते म्हणाले, "या मॅडम, बसा."

मॅडम! वर्षभर मी गो होते, बाय होते. त्यांनी रागाचा एक शब्द काढला नाही. कसं आहे विचारलं तर म्हणाले, बरा झाला, पाय दुखत व्हते. पापड घेतले, पण भाजले नाहीत, घरी नेतो म्हणाले. त्यांनी मला दोन थोबाडीत मारल्या असत्या तरी मी हसत खाल्ल्या असत्या. त्या 'मॅडम'ने मात्र मी परतीच्या गाडीत नागोठण्यापर्यंत तोंडाला पदर लावून रडले. समोरच्या बाईने विचारलं, कुनी गेला काय गो? मी नाही म्हटलं.

मॅडमना मी सगळं सांगितलं. त्यांनी साहेबांना पुन्हा पत्र लिहिलं, एकदा स्वतः येऊनही गेल्या. साहेब चहा पाजत राहिले. हनीफ तर माझ्याशी बोलेनासाच झाला. मी जायचं मात्र सोडलं नाही. मॅडमचं काम संपलं तरी जात राहिले. आत जाऊन नानांच्या टेबलापलीकडे स्टुलावर बसायचे. ते रजिस्टरमध्ये रेघा आखायचे, मी खिडकीबाहेर बघायचे. कधी एखादा चुकीचा फोन यायचा, तर त्याच्याशीही ते दोन वाक्यं जास्त बोलायचे. कुठून बोलता, पाऊस कसा हाय तिकडं? फोन ठेवला की पुन्हा रेघा.

एकदा अशीच बसले होते. आदल्या रविवारी हिराबाय येऊन गेली होती. नाना आपणहून बोलले. रजिस्टर मिटून ठेवलं, पेन खिशाला लावलं.

"तू मना इचारलास तं खरा," ते म्हणाले, "पन टेबलावर इचारलास. चौघांत मानूस नायच म्हनतो, गो. माझ्या तोंडाकडं पाच जना बगत व्हती. मी व्हय म्हनलो असतो तं त्यांनी गाडीवर कसा चढायचा?"

'गो' ऐकून माझे डोळे भरले. मी म्हटलं, चुकलं नाना माझं. दोन्ही वेळा चुकलं. आधी चौघांत विचारलं आणि मग एकट्याचं चौघांत सांगितलं. ते म्हणाले, व्हय, चुकला. नुसतं चुकला म्हणाले, जाऊ दे म्हणाले नाहीत. मला त्याचंच बरं वाटलं. मग खुर्ची मागे सारून त्यांनी स्टोव्ह पेटवला आणि टेबलाच्या खणातून पापड काढले. आणि म्हणाले की हनीफकडे लक्ष ठेव. जनाला आणला तेव्हा गाडी तोच चालवत होता. मागे कोण काय बोललं, कोण काय बोललं नाही, ते त्याने सगळं ऐकलंय. त्यालापण कोनी इचारला नाय.

मी बरं म्हटलं आणि विचारलं नाही. हनीफ समोर आला की मान वळवायचा, मीही वळवायचे.

नाना गेले ते पौष महिन्यात, दुपारी, वॉचरूममध्ये. मी त्या दिवशी रोह्यात होते, पण केंद्रात पोचायला थोडा उशीर झाला. हनीफ चहा घेऊन आत गेला तर नाना टेबलावर डोकं टेकून बसलेले, हात फोनवर. त्याने हाका मारल्या, उचललं आणि ॲम्ब्युलन्समध्ये घातलं. पहिल्यांदाच त्याने स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात दिलं आणि स्वतः मागे बसला. चालवणाऱ्याने नंतर सांगितलं, हनीफ वाटभर बोलत होता. चला नाना, घरी जाऊ. हा बघा पूल आला. आता डावीकडं वलतो.

संध्याकाळी उन्हं असतानाच नानांना हमरापूरला आणलं. सगळी आळी जमली होती. हिराबायही काठी टेकत आली आणि नेहमीच्या पायरीवर बसली. ॲम्ब्युलन्स दाराशी थांबली, हनीफ उतरला आणि मान खाली घालून काकूंसमोर उभा राहिला. कुणीतरी मागून म्हणालं, ह्यो वाटभर बोलत व्हता नानांशी. सगळे हनीफकडे बघू लागले. काकू काय विचारणार ते सगळ्यांना ठाऊक होतं. हनीफने तोंड उघडलं. तो काहीतरी रचत होता, मला दिसत होतं.

काकूंनी त्याच्या छातीवर हात ठेवला. "हनीफ, तू बोललास ना त्यांच्याशी? एकला नाय ना आनलास? बस झाला. ते काय बोलले त्या मी इचारनार नाय. कदीच नाय इचारनार."

हिराबायने मान वर करून काकूंकडे पाहिलं. मग काठी घेऊन उठली आणि आत जाऊन नानांच्या पायाशी बसली. तिला काय कळलं, काय नाही, मी सांगू शकत नाही. मी ऐकलं ते एवढंच की त्यानंतर ती कुणाच्या पायरीवर काही विचारायला बसली नाही, आणि काकू तिला रविवारी जेवायला बोलवत.

स्मशानातून माणसं परतली. मी निघाले तर हमरापूरच्या विहिरीवर ॲम्ब्युलन्स उभी दिसली. हनीफ बादलीने पाणी काढून ती धूत होता. चाकं, दारं, स्ट्रेचरच्या खालचा पत्रा. तोंड धुतलं नव्हतं, गालांवर सगळं सुकलं होतं. विहिरीच्या समोरच पार, पारावर आठ-दहा माणसं बसलेली, त्यात पेणची दोन तरी ओळखीची. दिवेलागण होऊन गेली होती, पारावरचा दिवा लागला होता.

मी चपला काढल्या, दुसरी बादली घेतली आणि चाकावर पाणी ओतलं. गाडी धुऊन झाली. तो विहिरीच्या काठावर बसला तशी मीही जाऊन त्याच्याशेजारी बसले. पारावरचं बोलणं थांबलं. थांबू दे म्हटलं. पिशवीत कागद होता, पेन होतं, ती पिशवी मी लांब ठेवली.

"हनीफ," मी विचारलं, "तुला कसं आहे?"

त्याने ओले हात शर्टाला पुसले.

"ताई," तो म्हणाला, "नाना काय बोलले नाय. जनापन काय बोलला नव्हता. मी दोन्ही टायमाला गाडीत व्हतो."

मी म्हटलं, सांग.